अर्ध्या लिटरमध्ये की अर्ध्या लिटरपर्यंत?

मागच्या रविवारी भाची आली होती भांडुपला. सई, अकरावी सायन्स, दारातूनच चप्पल भिरकावत म्हणाली, "मावशी, आमच्या क्लासच्या शीटमधलं उत्तर चुकलंय आणि सर ऐकतच नाहीयेत." मी कांदेपोहे टाकले होते, गॅस बारीक केला आणि शीट बघितली. सम अगदी साधा. १ मोलरचं १०० मिली द्रावण आहे, ते ०.१ मोलर करायचं आहे, किती पाणी घालावं लागेल? (मोलर म्हणजे द्रावण किती तीव्र ते सांगणारं माप, नीट पुढे सांगते.) सईने एम वन व्ही वन बरोबर एम टू व्ही टू (आधीची तीव्रता गुणिले आकारमान बरोबर नंतरची तीव्रता गुणिले आकारमान) लावून १००० मिली काढलं होतं, खाली दोन रेघा मारून चौकट पण केली होती. शीटमध्ये उत्तर ९००.

मी काहीच बोलले नाही, फ्रिजमधून कोकम सरबताची बाटली काढली. म्हटलं, यावर एकास चार लिहिलंय, कर एक ग्लास. तिने एक भाग सिरप घेतलं, चार भाग पाणी घातलं. मग मी विचारलं, एकूण भाग किती झाले? "पाच." मग सिरप किती पट पातळ झालं, चारपट की पाचपट? ती ग्लासाकडे बघत राहिली, मग शीटकडे, मग म्हणाली, "हे चीटिंग आहे."

चीटिंग वगैरे काही नाही. १००० हे एकूण द्रावण झालं, त्यातलं १०० आधीच तिच्याकडे होतं, वरून घालायचं पाणी ९००च. फॉर्म्युला बरोबर होता, गणित बरोबर होतं, प्रश्न वाचायला चुकली. आणि गेली पंधरा-सोळा वर्षं औषधांच्या क्वालिटी कंट्रोल लॅबमध्ये काम करून माझं ठाम मत झालंय की सोल्यूशनच्या दहा सम्सपैकी सातांत लोक केमिस्ट्रीत चुकतच नाहीत, भाषेत चुकतात. किंवा अजून नेमकं सांगायचं तर विभक्तीत. "पाण्यात" आणि "पाण्याने अमुक मिलीपर्यंत". "मध्ये" आणि "पर्यंत". एवढाच खेळ आहे.

आमच्या लॅबमध्ये याला सरळ "मेकअप" म्हणतात. "व्हॉल्यूम मेकअप केलास का?" हे वाक्य दिवसातून वीस वेळा कानावर पडतं आणि नवीन आलेल्या मुली पहिल्या दिवशी हसतात. मेकअप म्हणजे आधी थोड्या पाण्यात विरघळवायचं, मग फ्लास्कच्या मानेवर जी गोल रेघ असते तिथपर्यंत पाणी आणायचं. किती पाणी लागलं ते कोणी मोजत नाही, कोणाला त्याची पडलेली पण नसते! रेघेपर्यंत आलं की झालं. मोलॅरिटी म्हणजे एक लिटर द्रावणात किती मोल, एक लिटर पाण्यात नाही. हे वाक्य मी अकरावीत पाठ केलेलं होतं, पण पाठ असणं आणि हाताला कळणं यात फार अंतर आहे, ते खाली सांगतेच.

आधी मोलचं पटकन उरकून घेते कारण सईची पहिली तक्रार तीच होती, "मोल म्हणजे नक्की काय तेच कळत नाही." सगळे डझनाचं उदाहरण देतात. एक डझन म्हणजे १२, एक मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. ठीक आहे, पण एवढ्यावर सोडलं तर पोरं विचारतात की मग एवढा विचित्र आकडा का, आणि बरोबरच आहे त्यांचं. डझनाच्या उदाहरणाचा खरा उपयोग पुढच्या अर्ध्या भागात आहे. समजा भाजीवाल्याने ठरवलं की मी लिंबं मोजत बसणार नाही, फक्त तोलून देणार. तुम्हाला हव्यात पाच डझन. त्याला माहितीये एक डझन लिंबांचं वजन साधारण किती, पाचपट तोललं, पिशवीत ओतलं, विषय संपला. तेच डझन कलिंगडांचं असेल तर वजन वेगळं, पण नग बाराच. मोल म्हणजे तोलून मोजायची सोय. अणू बोटांनी मोजता येत नाहीत म्हणून तराजूवर मोजायचे. पाण्याचा डझन १८ ग्रॅमचा, मिठाचा ५८.५ चा, ग्लुकोजचा १८० चा, साखरेचा ३४२ चा. नग सगळ्यात तेवढेच. आकडा विचित्र आहे कारण तो आपल्या ग्रॅमशी जुळवून घेतलाय, अणूंना त्याचं काही नाही.

आणि गंमत म्हणजे ज्या आव्होगाड्रोच्या नावाने हा आकडा आहे त्याला तो माहीतच नव्हता. १८११ मध्ये तो फक्त एवढंच म्हणाला होता की सारख्या तापमानाला आणि सारख्या दाबाला, सारख्या आकारमानाच्या वायूंमध्ये रेणूंची संख्या सारखी असते. किती ते नाही. त्याचं म्हणणं गंभीरपणे घ्यायला लोकांना जवळजवळ ५० वर्षं लागली, १८६० साली जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या परिषदेत कॅनिझारो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने ते नेटाने मांडलं तेव्हा आव्होगाड्रो जाऊन चार वर्षं झाली होती. आकड्याला त्याचं नाव दिलं पेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने, १९०९ मध्ये. आणि २० मे २०१९ पासून तर हा आकडा कायमचा ठरवूनच टाकलाय, ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात, त्यापुढे काही नाही, मोजायची भानगडच बंद. सईला हा भाग सगळ्यात आवडला, "म्हणजे २०१९ च्या आधी एका मोलमध्ये किती हे नक्की कोणालाच माहीत नव्हतं?" तसंच काहीसं. शेवटच्या काही आकड्यांबद्दल खात्री नव्हती.

आता माझी गोष्ट.

मी दहावीपर्यंत मराठी मीडियमची. द्रावण, द्राव्य, द्रावक, संहती, सगळं तोंडपाठ. अकरावीला कॉलेजात गेले आणि एका उन्हाळ्यात सगळ्याची नावं बदलली. सोल्यूशन, सोल्यूट, सॉल्व्हंट, कॉन्सन्ट्रेशन. तो धक्का ज्याने खाल्लाय त्यालाच माहीत. पण शब्दांचं एक बरं असतं, महिन्याभरात ते बसतात. छोटे शब्द बसत नाहीत. इन, ऑफ, टू, बाय. वर्गात मॅडम भराभर फळ्यावर सम लिहायच्या आणि मी मनातल्या मनात मराठी करायचे, आणि मराठी करताना सगळ्याचं "पाण्यात" व्हायचं. इतके ग्रॅम इतक्या पाण्यात. प्रत्येक वेळी. तो "टू" माझ्या डोक्यात कधी "पर्यंत" झालाच नाही.

पहिलं प्रॅक्टिकल होतं ऑक्झॅलिक ॲसिडचं ०.१ मोलर द्रावण, २५० मिली बनवायचं आणि मग त्याने सोडियम हायड्रॉक्साइड टायट्रेट करायचं, म्हणजे ॲसिड नेमकं संपायला ते किती मिली लागतं ते थेंबाथेंबाने मोजायचं. ऑक्झॅलिक ॲसिडचा रेणुभार, म्हणजे एका मोलचं ग्रॅममधलं वजन, मी वहीत काढून आणला होता, ९०. गुणिले ०.१ गुणिले ०.२५, आलं २.२५ ग्रॅम. तेव्हा आमच्याकडे दोन पारड्यांचा तराजू होता, काचेच्या पेटीतला, आणि मखमलीचे खण असलेली लाकडी वजनपेटी. वजनं हाताने उचलायची नाहीत, चिमट्याने. मी दोन ग्रॅमचं वजन ठेवलं, मग दोनशे मिलिग्रॅमची ती पत्र्याची चपटी चकती, मग पन्नासची. फार कौतुकाने केलं होतं, काटा मध्ये येईपर्यंत श्वास धरून. वॉच ग्लासवरून एक कण सांडू दिला नाही.

मग टायट्रेशन. कॉनिकल फ्लास्कमध्ये माझं १० मिली ऑक्झॅलिक, ॲसिड संपलं की गुलाबी होणारं फिनॉल्फ्थॅलीन दोन थेंब, ब्युरेटमध्ये (खुणा केलेली, खाली तोटी असलेली काचेची नळी) सोडियम हायड्रॉक्साइड. सगळ्यांचं रीडिंग २० च्या आसपास. माझं १४.३ ला गुलाबी. परत केलं, १४.३. तिसऱ्यांदा केलं, १४.२. म्हणजे हात एकदम पक्का, फक्त उत्तर चुकीचं. मी ब्युरेट गळतंय म्हणून ब्युरेट बदलली. मग पिपेट बदलली. शेजारच्या मुलीचं द्रावण उसनं घेतलं तर २० आलं, तेव्हा कळलं गडबड माझ्या फ्लास्कमध्ये आहे. लॅब असिस्टंट काका होते, हाफ पँटच्या वयापासून त्याच लॅबमध्ये असावेत असे दिसायचे, त्यांनी न बोलता ऑक्झॅलिकची बाटली आणून माझ्यासमोर ठेवली आणि लेबलवर बोट ठेवलं. फॉर्म्युल्याच्या पुढे एक टिंब आणि त्यापुढे टू एच टू ओ.

ते टिंब मी कधी वाचलंच नव्हतं. बाटलीतलं ऑक्झॅलिक ॲसिड एकटं नसतं, प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू स्फटिकात बसलेले असतात. ९० अधिक ३६, १२६. हवे होते ३.१५ ग्रॅम. मी तोललेल्या सव्वादोन ग्रॅममध्ये पाणी पण तोललं होतं, माझं द्रावण ०.१ मोलर नव्हतं, ०.०७१४ होतं. २० गुणिले ०.७१४ करून बघा, १४.३ येतं बरोब्बर. टायट्रेशन खोटं बोलत नव्हतं हो, मीच बोलत होते. काकांनी एवढंच म्हटलं, "बाळा, बाटलीत काय आहे ते तोल, वहीत काय आहे ते नाही."

त्यानंतर मी कुठल्याही सममध्ये पहिली गोष्ट करते ती म्हणजे टिंब शोधते. कॉपर सल्फेट असेल तर पाच पाणी आहेत का, सोडियम कार्बोनेट असेल तर दहा आहेत का. आणि १२६ हा आकडा जन्माचा डोक्यात बसला. मध्यंतरी बाबांचा फास्टिंग शुगरचा रिपोर्ट १२६ आला, डॉक्टरांनी सांगितलं हीच डायबिटीसची रेघ, तर माझ्या तोंडून निघालं "ऑक्झॅलिक!" डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं ते मी सांगत नाही. पण तोही खरं म्हणजे मोलचाच सम आहे. १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे लिटरला १२६० मिलिग्रॅम, भागिले १८०, बरोबर ७ मिलिमोल (मोलचा हजारावा भाग) प्रति लिटर. दुबईहून आलेल्या मामांच्या मीटरवर "सात" आलं की घरात सगळे म्हणायचे वा वा किती कमी शुगर. १८ ने गुणायचं असतं, मामा. १२६ होते.

आता मोलॅरिटी-मोलॅलिटी. एका अक्षराचा फरक आणि पेपरात हमखास विचारणार. सईला मी हे गुलाबजामच्या पाकावर समजावलं कारण व्याख्या तिला पाठच होत्या. एक किलो साखर, एक लिटर पाणी. वजन किती झालं? दोन किलो, यात वाद नाही, वजनाची बेरीज होतेच. आकारमान किती? तिने सांगितलं दोन लिटर. मी म्हटलं कर. एक किलो नाही, एक वाटी साखर एक वाटी पाणी घेतलं, न उकळवता नुसतं ढवळून विरघळवलं (धीर लागतो, कोमट पाणी घ्या), आणि परत त्याच वाटीने मोजलं. दोन वाट्या होतच नाहीत. साखरेच्या दाण्यांमधली हवा गेली, हे तर आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी आणि साखर एकमेकांत कसे बसतात ते तुम्ही ठरवत नाही.

एक किलो साखर एक लिटर पाण्यात विरघळवली तर पाक भरतो साधारण १.६३ लिटर, कारण अर्धी साखर अर्धं पाणी अशा द्रावणाची घनता १.२३ असते. आता साखरेचे मोल काढा, १००० भागिले ३४२, म्हणजे २.९२. मोलॅलिटी विचारतेय एक किलो पाण्याला किती, उत्तर २.९२. मोलॅरिटी विचारतेय एक लिटर पाकाला किती, २.९२ भागिले १.६३, उत्तर १.८. पातेलं एकच, पाक एकच, एकदा २.९२ आणि एकदा १.८. सई म्हणाली मग खरं उत्तर कुठलं. दोन्ही. प्रश्न "कशाला" विचारलाय ते बघ. पाण्याला की पाकाला.

आणि तोच पाक गरम केला की थोडा फुगतो, म्हणजे मोलॅरिटी कमी होते, पण मोलॅलिटी जागची हलत नाही कारण वजन तापमानाने बदलत नाही (वाफ गेली नाही असं धरून, नाहीतर एकतारी होईल आणि सगळंच बदलेल). बारावीत उत्कलनबिंदू वाढतो, गोठणबिंदू उतरतो वगैरे जे येतं तिथे मोलॅलिटीच का वापरतात, त्याचं कारण हेच आहे. तापमान बदलतंय आणि आपल्याला न बदलणारं माप हवंय.

ॲसिडच्या बाटलीचा सम पण असाच, उगाच घाबरवतात. "३७ टक्के, घनता १.१९, मोलॅरिटी काढा." क्लासवाले एक रेडिमेड फॉर्म्युला देतात, टक्के गुणिले घनता गुणिले दहा भागिले रेणुभार, आणि पोरं तो पाठ करतात आणि दहा कुठून आला हे एकालाही सांगता येत नाही. मी म्हणते फॉर्म्युला सोड, एक लिटरची बाटली डोळ्यासमोर आण. तिचं वजन ११९० ग्रॅम. त्यातलं ३७ टक्के हायड्रोक्लोरिक, म्हणजे ४४० ग्रॅम. ३६.५ ने भाग, १२ मोल. झालं, १२ मोलर. बाटली डोळ्यासमोर असली की दहा-बिहा काही लागत नाही. सल्फ्युरिकची ९८ टक्क्यांची, १.८४ घनतेची बाटली घेतलीत तर मज्जाच आहे, रेणुभार पण ९८, उडून जातात, उरतं १८.४. आणि एक गोष्ट पेपरात नाही विचारत पण आयुष्यात लागते, ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही. इथे पण परत विभक्तीच बघा! सल्फ्युरिकमध्ये पाणी पडलं की जागच्या जागी उकळतं आणि तोंडावर उडतं. माझ्या एका कलीगच्या ॲप्रनला त्या दिवसाची भोकं अजून आहेत.

लिमिटिंग रिएजंटवर, म्हणजे जो पदार्थ आधी संपतो आणि रिॲक्शन थांबवतो त्यावर, मी जास्त वेळ घालवला नाही कारण सई दर गणपतीला आजीबरोबर मोदक वळते. सारण संपलं आणि उकड उरली तर मोदक किती होणार? सारणाएवढे. उरलेल्या उकडीचं काय? "निवगऱ्या." बस, हेच. दहा ग्रॅम खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ०.१ मोल. १ मोलर हायड्रोक्लोरिक १०० मिली, तेही ०.१ मोल. पण एका कार्बोनेटला ॲसिड दोन लागतं, म्हणजे ॲसिड आधी संपणार, निम्माच कार्बोनेट वापरला जाणार. कार्बन डायऑक्साइड ०.०५ मोल, २.२ ग्रॅम. पाच ग्रॅम खडूच्या निवगऱ्या. (फळ्याचा खडू घेऊन करू नका, हल्ली तो बहुतेक जिप्समचा असतो, फसफसत नाही, सईने करून बघितलं आणि माझ्यावरच चिडली.)

वायूचं आकारमान आलं की अजून एक डोकेदुखी, एक मोल वायू म्हणजे २२.४ की २२.७ लिटर. कुठल्या पुस्तकात हे, कुठल्यात ते. चूक कोणाचीच नाही. आयुपॅकने (रसायनशास्त्राची मापं-नावं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) १९८२ मध्ये प्रमाण दाब एक ॲटमॉस्फिअरवरून एक बार केला, बार किंचित कमी, म्हणून वायू किंचित जास्त जागा घेतो. सममध्ये दाब काय दिलाय बघायचं, काहीच दिलं नसेल तर आपलं पुस्तक जे म्हणतं ते. त्यावर भांडू नका, परीक्षा आहे.

मला ज्याच्याबद्दल खरं लिहायचं होतं ते म्हणजे ओआरएस, जुलाबात पाण्यातून देतात ती पावडर. पोहे खाताना सई म्हणाली, हे सगळं काढून होणार काय, औषधाच्या लॅबमध्ये मशीनच सगळं करत असेल ना. औषधाच्या डब्यात ओआरएसचं पाकीट पडलेलं होतं, पावसाळ्यात आमच्याकडे असतंच, ते तिच्यासमोर टाकलं आणि म्हटलं याच्या मागचं वाच. सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. हे एक लिटर पाण्यात. आता सोडियम किती मिलिमोल सांग.

तिने मीठ घेतलं, २.६ भागिले ५८.५, आलं ०.०४४ मोल, म्हणजे ४४ मिलिमोल. मी म्हटलं कमी आहे. परत केलं, ४४च. वैतागली. मग तिची तिलाच सायट्रेट दिसलं. ट्राय सोडियम! आणि त्याला टिंब पण असतं, दोन पाण्यांचं, म्हणून रेणुभार २९४. २.९ भागिले २९४ म्हणजे १० च्या जरासं खाली मिलिमोल, पण प्रत्येकात सोडियम तीन, म्हणजे ३०. ४४ अधिक ३०, ७४, पाकिटाच्या हिशोबात ७५. मग ग्लुकोज, १३.५ भागिले १८०. तिने कॅल्क्युलेटर न वापरता काढलं, ०.०७५. पंच्याहत्तर. वर बघितलं माझ्याकडे. "दोन्ही सेम?"

सेम. हा योगायोग नाही. ग्रॅममध्ये बघितलं तर काही कळत नाही, साखर साडेतेरा आणि मीठ अडीच, कशाचा कशाला पत्ता नाही. मोलमध्ये बघितलं की ७५ ला ७५. आतड्याच्या पेशींवर एक दार असतं, त्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात, आणि त्यांच्या मागे पाणी जातं. जुलाबात बाकीची दारं बिघडली तरी हे दार चालू राहतं. म्हणून नुसतं मीठपाणी उपयोगाचं नाही आणि नुसतं साखरपाणी पण नाही. शरीर ग्रॅम मोजत नाही, नग मोजतं. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बोनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजची पाकिटं बनवून ड्रममध्ये पाणी करून लोकांना प्यायला दिलं, नातेवाइकांच्याच हातून. ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. आजचा फॉर्म्युला त्याहून पातळ आहे, २००२ पासूनचा, सगळे कण मिळून लिटरला २४५ मिलिमोल. सईने ते पण जुळवून बघितलं, सोडियम ७५, क्लोराइड ६५, ग्लुकोज ७५, पोटॅशियम २०, सायट्रेट १०. जुळलं. एखाद्या सिरीयलचा शेवट कळावा तसा चेहरा होता.

मग मी तिला विचारलं, अख्खं पाकीट एका ग्लासात टाकलं तर? कारण हे लोक खरंच करतात, आमच्या मजल्यावर गेल्या पावसाळ्यात एका बाळाला देताना मी स्वतः थांबवलंय. २०० मिलीचा ग्लास म्हणजे पाचपट, सोडियम ३७५. समुद्राच्या पाण्यात असतं साधारण ४७०. म्हणजे त्या पोराला तुम्ही जवळपास जुहूचं पाणी पाजताय. शरीरात पाणी जायच्या ऐवजी शरीरातलं पाणी आतड्यात येतं. औषध तेच, ग्रॅम तेवढेच, फक्त "एक लिटर" हे दोन शब्द वाचले नाहीत.

इथे सईने मला पकडलं. "मावशी, पण पाकिटावर लिटर पाण्यात लिहिलंय, लिटरपर्यंत नाही. मग मोलॅरिटी चुकली ना?" मी मनातून खूश झाले पण दाखवलं नाही. चुकली, पण एखाद्या टक्क्याने, वीस ग्रॅम पावडर लिटरभर पाण्यात किती जागा घेणार. पातळ द्रावणात "मध्ये" आणि "पर्यंत" जवळजवळ एकच असतात, पाकासारखं घट्ट असेल तिथे फरक पडतो. कुठे फरक पडतो आणि कुठे नाही हे कळायला मला नोकरीतली चार वर्षं लागली होती, ती पोहे खाता खाता विचारून मोकळी.

तर मग तिला खराखुरा फ्लास्क हवा झाला. शनिवारी ऑफिसनंतर मी प्रिन्सेस स्ट्रीटला गेले, काचसामानाच्या दुकानातून २५० मिलीचा व्हॉल्युमेट्रिक घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळून फास्ट लोकलमध्ये पोटाशी धरून आणला, घाटकोपरला जी गर्दी चढते त्यात तो फुटला नाही हेच नवल. रविवारी ठरलं, सलाइन बनवायचं, प्यायचं वगैरे नाही, नुसतं बनवायचं. ०.९ टक्के, म्हणजे १०० मिलीला ०.९ ग्रॅम. तिने हिशोब केला, २५० ला २.२५ ग्रॅम. ताईकडे तो सोनाराचा छोटा डिजिटल काटा आहे, तोच घेऊन आली होती. मीठ टाकत टाकत आकडा वर चढत गेला, आणि २.२५ वर थांबला. मी बघत राहिले त्या आकड्याकडे. तिला काय कळणार, तिने कागदाची घडी करून मीठ फ्लास्कमध्ये सारलं.

अर्धं पाणी, गोल फिरवलं, मीठ विरघळलं. मग भांड्याने पाणी ओतत मानेपर्यंत आणलं आणि शेवटचं ड्रॉपरने घालायच्या ऐवजी बाईसाहेबांनी भांड्यानेच ओतलं. गेलं रेघेच्या वर, बोटभर.

"ड्रॉपरने काढू का थोडं?"

"काढ, पण काय काढशील?"

"पाणी..." म्हणाली आणि थांबली. मग स्वतःच, "नाही, खारट पाणी. मीठ पण येईल ना त्याच्याबरोबर."

"मग?"

"ओतायला लागणार." फ्लास्क हातात धरून उभी होती सिंकपाशी. "पण मावशी, नुसतं मीठ तर आहे."

ओतलं तिने. फ्लास्क दोनदा विसळला, काटा परत शून्यावर आणला, आणि यावेळी रेघ जवळ आल्यावर ओट्याशी गुडघे वाकवून डोळा रेघेच्या लेव्हलला आणला, एक डोळा मिटून, ड्रॉपर धरलेला हात जरासा थरथरत होता. एक थेंब. थांबली. अजून एक.